होळीचा पत्रा

होळीची राख निवली की आमच्या घरी दोन कामं ठरलेली असतात. एक, कूलरच्या जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या बसवायच्या. दुसरं, गाडीच्या इंजिनात पत्रा घालायचा. पहिलं काम नागपुरात घरोघरी होतं. दुसरं माझ्या माहितीप्रमाणे दोनच घरी होतं, आणि त्या दोन्ही घरांतले पत्रे माझ्या वडिलांनी आपल्या हातांनी कापलेले आहेत. मी सहसा बढाई मारत नाही. पण ही गोष्ट सांगताना माझी मान थोडी ताठ होते, ते मी लपवतही नाही.

पत्रा म्हणजे फार मोठं काही नाही. तळहातात मावेल एवढा पोलादाचा पातळ, चौकोनी तुकडा, त्याच्या चार कोपऱ्यांना बोल्टसाठी चार भोकं. दिवाळी जवळ आली की तो काढून त्या जागी मधोमध मोठं भोक असलेलं पॅकिंग घालायचं. उन्हाळ्यात रस्ता बंद, हिवाळ्यात रस्ता उघडा. एवढंच. पण हे एवढंच समजायला आम्हाला बरेच उन्हाळे लागले, आणि शेवटी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं तेव्हा ते समजलं.

गाडी विलायती बनावटीची, पन्नासच्या दशकातली. धंतोलीत दवाखाना चालवणारे एक वयस्कर डॉक्टर ती वापरत. त्यांनी गाडी चालवणं सोडलं तेव्हा वडिलांनी ती विकत घेतली. वडील छोट्या लाइनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, इंजिनशेडमध्ये फिटर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. आमचं मूळ गाव भिवापूर. भाऊबंद अजून तिथे मिरची पिकवतात. त्या सगळ्या गोतावळ्यात स्वतःच्या चारचाकीतून गावात शिरलेला पहिला माणूस म्हणजे आमचे वडील. तेही चालवत नव्हते, माझ्या शेजारी बसून होते. चालवायला शिका म्हणून मी कितीदा सांगितलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही. रेल्वेत इंजिन हाकणारा वेगळा आणि इंजिन सांभाळणारा वेगळा. ते दुसऱ्या जातीचे होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

मी सरकारी कचेरीत लेखापरीक्षणाचं काम करतो. दुसऱ्यांचे आकडे तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि आकडा जुळला नाही की मला जेवण गोड लागत नाही. गाडीचा एक आकडा मला दर वर्षी छळायचा. थंडीत ती लिटरला अकरा किलोमीटर जायची आणि मे महिन्यात नवाच्या पुढे सरकत नसे. रस्ता तोच, चालवणारा तोच. वर उन्हाळ्यात तिला आणखी एक खोड होती. दुपारी दहा-पंधरा मैल गेल्यावर ती आचके द्यायची आणि मधूनच बंद पडायची. गार झाली की काही झालंच नाही अशी सुरू व्हायची.

यावर नागपुरातल्या प्रत्येक गाडीवाल्याकडे एकच इलाज होता. पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनाच्या अंगाला असलेल्या त्या वाटीएवढ्या पंपावर, ओलं फडकं गुंडाळायचं. टॅक्सीवाले, ट्रकवाले, वकील, डॉक्टर सगळे हेच करत. पाण्याची बाटली आणि जुन्या धोतराचा तुकडा घेतल्याशिवाय उन्हाळ्यात कोणी गावाबाहेर पडत नसे. आम्हीही वर्षानुवर्षं तेच केलं. पंप समोरच असतो, हात पोचतो, म्हणून फडकं तिथे. उष्णता खरोखर कुठून येते हे बघायची गरज कोणाला वाटली नव्हती.

त्या वर्षी बहिणीचं लग्न ठरलं. मुलाचे वडील लकडगंजातले, लाकडाच्या टालीचे, म्हणजे वखारीचे, मालक. माणूस दिलदार, पण जिभेला हाड नसलेला. सुपारी फुटली त्या दिवशी ते आम्हाला पोचवायला फाटकापर्यंत आले. मी बॉनेट उघडून पंपावरचं फडकं भिजवत होतो. ते वाकून बघत वडिलांना म्हणाले, "इवाई, हे गाडी हाय का बिमार माणूस? डोक्यावर पट्टी ठेवून राहिले तुमी."

त्यांच्या मागे उभी असलेली पाच-सात माणसं हसली. इवाई म्हणजे व्याही. आमच्याकडे असंच म्हणतात. वडीलही थोडं हसले. मग व्याह्यांनी खरी गोष्ट काढली. लग्न भिवापूरला, सकाळच्या मुहूर्तावर. जेवणं झाली की पाठवणी. सुनेने दिवेलागणीच्या आधी घरात पाऊल टाकावं ही त्यांच्या घराची रीत. तेव्हा मुलीला त्यांच्याच गाडीतून आणावं, असं त्यांनी सुचवलं. त्यांची गाडी आमच्यापेक्षा पुष्कळ नवी होती. बोलणं चुकीचं नव्हतं, पण शेवटी त्यांनी जोडलं, की तुमची ही वाटेत झोपली तर नवरी-नवरदेवाला बाभळीखाली सांज होईल.

वडील बॉनेट खाली करत म्हणाले, "पोरगी माह्या घरून निंगन तं माह्याच गाडीत निंगन. अन् दिवे लागाच्या आंधी तुमच्या दारात उतरन."

झालं. शब्द गेला. चार माणसांत गेला.

बहिणीने मला दोन-तीन दिवसांनी गाठलं. ती अंगणात पापडाची चादर आवरत होती आणि मी गाडी पुसत होतो. म्हणाली, "दादा, मले गाडीचं काई नाई. मी बैलगाडीतही जाईन. पण हे वाटेत थांबली न, तं त्या घरात मले दर सणाले आयकाव लागन. अन् बाबाले मी ते कधी सांगू नाई शकणार." एवढं बोलून ती चादर घेऊन आत गेली. तेव्हापासून ते लग्न माझ्यापुरतं त्या इंजिनावर येऊन थांबलं.

एप्रिलमध्ये मांडवाचं ठरवायला आम्ही दोघं, वडील आणि मी, भिवापूरला गेलो. परत येताना उमरेडच्या अलीकडे गाडीने आचके दिले आणि ती उभी राहिली. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी फडकं भिजवलं. पुन्हा भिजवलं. सगळी बाटली ओतली. स्टार्टर फिरे पण इंजिन पकडत नव्हतं. वडिलांनी प्लग काढून पाहिले, ते स्वच्छ होते. मी सहज पंपाला हात लावला. पंप गार होता, माठासारखा गार. आणि गाडी तरीही मेलेली. हिशेबात ज्या नोंदीवर सगळ्यांचा विश्वास असतो तिथेच मला पहिल्यांदा संशय येतो. पंप गार आहे, तर पेट्रोल उकळतंय कुठे?

ऊन कलल्यावर गाडी सुरू झाली.

शेजारी रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक राहत. त्यांच्याकडून मी प्रयोगशाळेतला काचेचा तापमापक मागून आणला. प्रश्न असा होता, की चालत्या गाडीत तो लोखंडाला चिकटून राहणार कसा? बहीण म्हणाली, कणकेच्या गोळ्यात खोचा. आईला ते आवडलं नाही. पंधरा दिवसांवर लग्न आणि हे दोघं अन्नाची चेष्टा करतात, असं ती स्वयंपाकघरातून बराच वेळ बोलत होती. पण तिनेच शेवटी घट्ट कणीक मळून दिली, कारण बहिणीने मळलेली तिला सैल वाटली.

तीन गोळे केले. एक पंपावर लावला, दुसरा कार्बोरेटरच्या, म्हणजे जिथे पेट्रोल हवेत मिसळतं त्या भांड्याच्या, वाटीला आणि तिसरा, तापमापकासकट, कार्बोरेटरच्या खाली जिथे दोन मॅनिफोल्ड एकमेकांना मिळतात त्या जागी.

इथे मॅनिफोल्ड म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. फाटे फुटलेली ओतीव लोखंडी नळी. इंजिनाच्या एकाच कुशीला अशा दोन नळ्या असतात, वर एक, खाली एक. वरच्या नळीतून पेट्रोल आणि हवा सिलिंडरांत जातात. खालच्या नळीतून जळलेला धूर बाहेर पडतो. आमच्या इंजिनात या दोन नळ्या मधोमध एकमेकींवर टेकवून चार बोल्टांनी आवळलेल्या होत्या, आणि त्या सांध्यात मुद्दाम एक भोक ठेवलं होतं, म्हणजे खालचा तापलेला धूर वरच्या नळीच्या बुडाला सतत शेक देईल. नेमकं त्याच जागी, वर, कार्बोरेटर बसवलेला. चुलीवर पातेलं ठेवावं तसा.

भर दुपारी दिघोरीच्या पुढपर्यंत गाडी नेली आणि परत आणली. अंगणात बॉनेट उघडलं तेव्हा घरातली सगळी माणसं भोवती उभी होती. पंपावरचा गोळा लावला तसा मऊ. कार्बोरेटरवरच्या गोळ्यावर पापुद्रा धरलेला. आणि तिसऱ्याचा निखाऱ्यात भाजलेला रोडगा झाला होता. वरून तपकिरी, ठिकठिकाणी करपलेला. तापमापकातला पारा वरच्या टोकाला जाऊन बसला होता, म्हणजे शंभराच्याही पुढे. पेट्रोल त्याच्या कितीतरी आधी उकळायला लागतं. मी तो आकडा वडिलांना दाखवला. त्यांनी आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिसरा गोळा उपटला, फोडला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "आतूनही शिजला."

म्हणजे उष्णता कुठून येते ते दोघांनाही मान्य झालं. पण ती अडवायची म्हटल्यावर वडील अडून बसले.

त्यांची बाजू मला समजत होती. त्यांचा सगळा जन्म वाफेच्या इंजिनाशी गेला होता, आणि वाफेचा नियम सरळ आहे. जितकी तापलेली तितकी जोरकस. बॉयलर गार पडला की गाडी चढावर रडते. पेट्रोलची वाफ करायला इंजिनवाल्याने शेक दिला असेल, तर तो बंद करणं म्हणजे बॉयलरखालचा कोळसा ओढून घेणं, असं त्यांना वाटे. मी म्हटलं, बॉयलरमध्ये वाफ कोंडलेली असते. इथे नळी उघडी आहे. हवा तापली की फुगते, विरळ होते. सिलिंडर तेवढाच, त्यात हवा कमी जाते आणि पेट्रोल अर्धवट जळून वाया जातं. म्हणून तर मे महिन्यात लिटरमागे दोन किलोमीटर कमी पडतात. हे त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "काहून गा, ज्यानं हे बनवलं त्याले एवढं समजत नव्हतं?"

याचं उत्तर त्यांनीच दुसऱ्या दिवशी सकाळी शोधलं. चहा पिताना अचानक विचारलं, विलायतेत थंडीत पारा किती असतो? मी सांगितलं, शून्याच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. आणि उन्हाळ्यात? मी म्हटलं, आपल्याकडे पौषात दुपारी असतो तेवढा. काल इथे किती होता? चव्वेचाळीस. त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हंजे त्याची चूक नाई," ते म्हणाले. "गाडीच दुसऱ्या गावात आली."

मग ते उठले आणि पलंगाखालची अवजारांची पेटी ओढून बाहेर काढली. ती निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पूर्ण उघडली गेली.

सांधा खोलून दोन नळ्यांमधलं भोकवालं पॅकिंग काढलं. त्याच्या जागी भोक नसलेला पत्रा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अॅस्बेस्टॉसचा कागद, अशी पहिली योजना. पत्रा सुरेख बसला, बोल्ट आवळले, गाडी सुरू केली आणि इंजिनाने शीळ घातली. बारीक, सतत, कुकरची शिटी अडकावी तशी. शिवाय ते एका जागी ठरेना. वेग आपोआप वर-खाली होई. मी हताश झालो. वडील झाले नाहीत. ते व्हरांड्यात डोळे मिटून ती शीळ ऐकत बसले आणि म्हणाले, की हवा चोरून राहिली.

चोरी कुठे होती ते त्यांनी सांगितलं. आमचा थर जुन्या पॅकिंगपेक्षा जाड झाला होता. त्याने वरची नळी केसभर उचलली गेली. ती उचलली म्हणजे इंजिनाच्या अंगाला ती जिथे चिकटते तिथे फट राहिली, आणि त्या फटीतून फुकटची हवा आत जात होती. एका सांध्यात सुधारणा केली तर दुसरा सांधा बिघडला. हे मला माझ्या कामातून चांगलं ओळखीचं आहे.

पुढे जे त्यांनी केलं ते मी जवळ बसून पाहिलं, आणि आजही आठवलं की मला बरं वाटतं. त्यांनी मायक्रोमीटरने जुन्या पॅकिंगची जाडी मोजली, दुकानातल्या कोऱ्या पॅकिंगची नाही. वर्षानुवर्षं दबून बसलेल्या त्या जुन्याची. मग पातळ पत्रा निवडला, कागद एकाच बाजूला ठेवला, आणि दोन्ही मिळून दाबल्यावर तेवढीच जाडी येईल असं गणित जमवलं. पत्र्याच्या पृष्ठभागावर तेलात कालवलेला शेंदूर बोटाने पातळ चोळला, तो सांध्यावर टेकवला, उचलला, आणि शेंदूर जिथे पुसला गेला तो उंचवटा कानशीने घासला. पुन्हा शेंदूर. पुन्हा टेकवणं. शेंदूर मारुतीच्या देवळाजवळच्या दुकानातून आणलेला होता. आईने शेंदराची ती पुडी पाहून हात जोडले आणि मग इंजिनाकडे पाहून काढून घेतले. जेव्हा शेंदूर सगळीकडे सारखा उठायला लागला तेव्हा त्यांनी पत्रा उजेडात धरला, मला दाखवला, आणि काही न बोलता बसवून टाकला.

या वेळी शीळ नव्हती. दुपारच्या उन्हात आम्ही तिला लांब फिरवून आणलं. आचका नाही. पुन्हा कणकेचा गोळा लावला. त्यावर फक्त पापुद्रा आला. थोडी उष्णता लोखंडातून चढतेच, ती पत्रा थांबवू शकत नाही, पण चूल मात्र विझली होती. मी पेट्रोलचा हिशेब काढला, दहाच्या वर गेला. वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, आकड्याचं तू पाहा, मी पंपावरचं फडकं काढून टाकलं.

एक गोष्ट राहिली होती आणि ती मला टोचत होती. तापलेली गाडी चालू असते तोवर वारा तिला सांभाळतो. खरी परीक्षा ती थांबल्यावर असते. पंखा बंद, वारा बंद, आणि सगळ्या इंजिनाची उष्णता वर कार्बोरेटरकडे चढत जाते. थांबवून पुन्हा सुरू करायची चाचणी आम्ही घेतली होती, पण घराच्या सावलीत. उघड्या रस्त्यावर, माणसांनी भरलेली गाडी, भर मे महिन्यात, ही नाही. मी स्वतःला समजावलं, की भिवापूरहून निघाल्यावर लकडगंजपर्यंत थांबायचं कारणच काय?

लग्न नीट पार पडलं. पाठवणीच्या वेळी वऱ्हाडातल्या हौशी पोरांनी गाडीच्या पुढच्या जाळीवर झेंडूच्या माळांची भिंतच उभी केली होती. वडिलांनी बहिणीला पोटाशी धरलं होतं, डोळे भरलेले होते, आणि त्याच स्थितीत त्यांची नजर जाळीवर गेली. बहिणीला सोडून ते पुढे आले आणि माळा सोडायला लागले. कोणीतरी म्हणालं, काका, काहून काढता, शोभा गेली. ते म्हणाले, "नाक बांधून कोणी पयते का?" माळा टपावर बांधल्या. तेव्हा रडणाऱ्या बायकाही हसल्या, आणि बहीण हसत गाडीत बसली, हे मला फार चांगलं वाटलं.

मागच्या सीटवर नवरा-नवरी आणि पाठराखीण, पुढे वडील आणि मी. व्याह्यांची गाडी आमच्या पुढे, कारण रस्त्यात त्यांच्याच माणसांनी पुढे असायचं. रस्ता तव्यासारखा तापलेला, आणि लू अशी की काचा खाली करणं परवडत नव्हतं आणि वर करणंही. आमची गाडी शांतपणे धावत होती. मी एक कान तिच्याकडे आणि एक मागे लावून होतो. बहीण नवऱ्याला हळू आवाजात काहीतरी सांगत होती. "रोडगा" एवढा शब्द मला ऐकू आला.

उमरेड अजून यायचं होतं. पुढची गाडी एकदा थरथरली, मग पुन्हा, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

आता आम्ही पुढे जाऊ शकत नव्हतो. सासरा रस्त्यात उभा आणि सून त्याच्या समोरून निघून गेली, असं होत नाही. मी गाडी मागे उभी केली, पण इंजिन चालू ठेवलं. ते बंद करायची माझी हिंमत नव्हती. पुढे व्याह्यांच्या ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, बाटली काढली आणि पंपावर ओलं फडकं गुंडाळायला घेतलं. वेळ जात होता. लूही पडली होती, वारा अजिबात नव्हता. आमच्या इंजिनाचा आवाज जड व्हायला लागला, रेडिएटरमधून गुरगुर ऐकू येऊ लागली. असं उभं राहून चालू ठेवलं तर पाणी उकळणार, आणि पाणी उकळलं तर सगळंच संपणार. मला ते कळत होतं आणि माझा हात चावीकडे जात नव्हता.

वडिलांनी हात लांबवला आणि चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

मी आरशात पाहिलं. बहीण माझ्याकडेच बघत होती. तिला सगळं माहीत होतं.

व्याही घाम पुसत आमच्याकडे आले. त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर हरला होता. ऊन उतरेपर्यंत ती हलणार नव्हती, आणि ऊन उतरेपर्यंत थांबलं तर दिवेलागण रस्त्यातच होणार होती. खिडकीशी वाकून ते म्हणाले, "तुमची कायले बंद केली? आता हेही नाई लागाची."

वडील खाली उतरले, पुढचं दार धरून उभे राहिले. "बसा, इवाई."

व्याही बसले. वडील त्यांच्या शेजारी, दाराकडेला बसले. जुन्या गाडीची पुढची सीट एकसंध होती, तीन माणसं मावत. मग वडील मला इंजिनशेडमधल्या आवाजात म्हणाले, "पाय पूर्ण दाब. खाली-वर नको करू. दाबून ठेव."

मी चावी फिरवली, उकळून सांडलेलं पेट्रोल हवेने उडून जावं म्हणून अॅक्सिलरेटरचं पेडल तळाला टेकवलं आणि स्टार्टर ओढला. इंजिन फिरलं, फिरलं, आणि काही झालं नाही. व्याह्यांनी श्वास सोडल्याचा आवाज मी ऐकला. मी पाय उचलला नाही. पुन्हा ओढला. दोन फेरे कोरडे गेले, तिसऱ्याला एक ठोका पडला, मग दुसरा, आणि चारही सिलिंडर एकदम जागे झाले. मागून पाठराखिणीने देवाचं नाव घेतलं. वडिलांनी घेतलं नाही. ते सरळ समोर बघत होते.

पुढचा रस्ता मी आयुष्यात कधी चालवला नसेल इतक्या काळजीने चालवला, पण काळजीची गरज नव्हती. उमरेड मागे पडलं, दिघोरी आली. मग व्याह्यांनी विचारलं, फडकं कुठे आहे? वडील म्हणाले, काढून टाकलं. मग काय केलं? पत्रा लावला. कसला पत्रा? तेव्हा वडिलांनी सांगायला सुरुवात केली, आणि लकडगंज येईपर्यंत ते थांबले नाहीत. शेंदूर, शीळ, कणीक, विलायतेतली थंडी, सगळं. मी त्यांना इतकं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. मध्ये व्याह्यांनी विचारलं, की एवढं गणित कोणी केलं, तेव्हा ते म्हणाले, "आकडे माह्या पोराचे. पत्रा माहा. अन् कणकेची अक्कल तुमच्या सुनेची."

लकडगंजात पोचलो तेव्हा सूर्य टालीच्या छपरावर टेकला होता. दारात माणसं ताटकळत उभी होती. त्यांना वाटलं होतं, पुढे मालकांची गाडी येईल. आली आमची, टपावर झेंडू मिरवत, आणि तिच्या पुढच्या सीटवरून मालक स्वतः उतरले. त्यांच्या घरातल्या कोणीतरी थट्टेने विचारलं, तुमची गाडी कुठे? व्याही मोठ्याने म्हणाले, "तिले ताप आला. पट्टी ठेवून आलो." मग वळून वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की सूनबाईच्या घरच्या गाडीने आज मला घरी आणलं. आत अजून दिवा लागला नव्हता. बहिणीने उंबरठ्यावरचं माप ओलांडलं तेव्हा मी वडिलांकडे पाहिलं. ते गाडीजवळ उभे राहून लोकांनी लावलेले बोटांचे डाग बॉनेटवरून पुसत होते.

त्यानंतरच्या थंडीत पत्र्याने आपला दुसरा गुण दाखवला. डिसेंबरच्या सकाळी गाडी सुरू होई, पण कचेरीच्या अर्ध्या वाटेपर्यंत खोकत, अडखळत जाई. चोक ओढून ठेवावा लागे, पेट्रोल जास्त लागे. आकडा पुन्हा घसरला. मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते खूष झाले. म्हणाले, मी सांगत होतो न, शेक लागते म्हणून. त्यांनी पेटी काढली आणि जुनं भोकवालं पॅकिंग परत घातलं. तिथून आमची रीत पडली. ते कधी म्हणाले नाहीत की मी बरोबर होतो, आणि मी कधी म्हणालो नाही की ते बरोबर होते. होळीला पत्रा आणि दिवाळीला भोक, यात दोघांचंही आलं.

पुढच्या होळीला व्याही आपली गाडी घेऊन आमच्या अंगणात आले. त्यांच्या इंजिनाचा सांधा थोडा मोठा होता. वडिलांनी जुनं पॅकिंग हातात घेऊन दाबून पाहिलं, मायक्रोमीटर मागितला आणि त्यांना खुर्ची दिली. त्या दिवशी व्याह्यांनी मान खाली घालून शेंदूर कालवून दिला.

आता वडिलांना बॉनेटवर वाकवत नाही. ते खुर्चीत बसतात आणि मी बोल्ट आवळतो. बहीण आली असेल तर तीही येऊन उभी राहते. तिच्या घरी आजही कोणी पाहुणा उन्हाळ्यात पंपावर ओलं फडकं बांधून आला, तर तिचे सासरे त्याला आत बोलवायच्या आधी म्हणतात, आमच्या सुनेच्या बापाकडे जा; अजून तरी कोणी आलेलं नाही. गेल्या होळीला मी शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा वडिलांनी नेहमीप्रमाणे इंजिन सुरू करायला लावलं, डोळे मिटले, आणि शीळ येते का ते ऐकलं. आली नाही.